विनंती विशेष

गेल्या रविवारी सकाळी फ्लॅटवर बसून कॅटची मॉक टेस्ट देत होतो. (हो, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आमच्या फील्डमध्ये दर दोन वर्षांनी माणसाला एमबीए करायची हुक्की येते. मग अप्रेझल होतं आणि हुक्की उतरते.) त्यात इंग्रजीच्या विभागात एक प्रकार असतो. पाच वाक्यं देतात. त्यातली चार मिळून एक परिच्छेद होतो, एक वाक्य त्यात बसत नाही. ते उपरं वाक्य शोधायचं. पर्याय वगैरे काही नाहीत, सरळ आकडा टाइप करायचा.

प्रश्न साधारण असा होता, मराठीत सांगतो:

१. पूल किती भार पेलेल हे आधी गणिताने ठरवतात.
२. बांधून झाल्यावर पुलावर भरलेले ट्रक उभे करून चाचणी घेतात.
३. भाराखाली पूल किती झुकला याची नोंद ठेवतात.
४. चाचणीच्या दिवशी हवा कशी होती, हेही वहीत लिहितात.
५. झुकाव मर्यादेत असेल तरच वाहतूक सुरू होते.

मी ४ टाइप केलं. उत्तर बरोबर आलं. गणित, चाचणी, नोंद, निर्णय अशी सरळ साखळी आहे, त्यात हवापाण्याच्या गप्पा कशाला? तेवढ्यात आमचा रूममेट चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. तो सिव्हिलवाला, मेट्रोच्या साइटवर असतो. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "चार? अरे, चारच तर महत्त्वाचं आहे! ऊन लागलं की पूल स्वतःच वाकतो. पहाटेचं आणि दुपारचं रीडिंग वेगळं येतं. तापमान लिहिलं नसेल तर बाकीची वही रद्दीत घाल."

मार्क मला मिळाले होते, पण वाद तो जिंकला.

हे एवढ्यावर हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी ऑफिसात मी अगदी असंच एक 'उपरं' वाक्य शोधून उडवलं होतं, आणि त्याची किंमत भलत्याच लोकांनी मोजली. तो किस्सा शेवटी सांगतो. आधी, परिच्छेदातली मुख्य कल्पना कोणती आणि फालतू वाक्य कोणतं, हे ठरवायचा धंदा माणसाने कधी आणि कसा सुरू केला, ते बघू. आठवडाभर रात्री तेच वाचत होतो.

तर मंडळी, तुम्ही मोडी लिपीतला जुना कागद कधी पाहिलाय का? आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढलेली, आणि मग तिला लटकलेली अक्षरं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. परिच्छेद तर नाहीच नाही. इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, म्हणजे ती एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. त्याआधी दोनेकशे वर्षं स्वराज्याचा आणि पेशवाईचा सगळा कारभार या सलग ओळींवर चालला. आता प्रश्न असा, की एवढ्या गिचमिडीत मुख्य मुद्दा कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळायचं कसं?

त्याची सोय पत्राच्या घडणीतच होती. आधी मायना, मग नमस्कार, मग 'विनंती उपरी', मग आमच्याकडे सगळं कुशल आहे, तुमचं कुशल कळवत जा, आणि मग एक शब्द: 'विशेष'. इथून पुढे खरा मजकूर. त्याच्या आधीचं सगळं रीतीचं. अनेक विषय असतील तर त्यांची वेगवेगळी कलमं. मुरलेला कारकून कागद हातात पडला की आधी 'विशेष' शोधत असणार, आपण मेल उघडल्यावर 'प्लीज' शोधतो तसं.

गंमत म्हणजे हा शब्द आपल्या घरात परवापरवापर्यंत होता. 'सा. न. वि. वि.' आठवतंय? साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपल्या पिढीने ते शाळेतल्या पत्रलेखनात दोन मार्कांसाठी पाठ केलं. त्यातला शेवटचा 'वि.' म्हणजे 'आता मुद्द्याचं ऐका' अशी खूण आहे, हे मला या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. आणि पत्राच्या शेवटी 'ता. क.', म्हणजे ताजा कलम. विसरलेलं किंवा आत लिहायला संकोच वाटलेलं जे असेल ते तिथे. म्हणजे जुन्या पत्रात महत्त्वाचं वाक्य सापडण्याच्या दोन हमखास जागा, आणि दोन्ही लिहिणाराच ठरवायचा.

अर्थात कधीकधी लिहिणारा मुद्दा मुद्दामच लपवायचा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्यानंतर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एक सावकारी पत्र लागलं, ही हकिगत आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. दोन मोती गेले, काही मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, अशा आशयाचं. परक्या माणसाला हा एका व्यापाऱ्याचा तोटा. नानासाहेबांना त्या दोन मोत्यांमध्ये सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव दिसले. एक चुलतभाऊ, एक सख्खा मुलगा. वाक्यं तीच, फक्त वाचणारा कोण आहे त्यावर मुद्दा बदलला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जाऊ स्कॉटलंडला, कारण 'एका परिच्छेदात एकच कल्पना' हा आपल्या डोक्यात बसलेला नियम तिथून येतो. अॅबर्डीनमध्ये १८१८ साली एका विणकराच्या घरी अलेक्झांडर बेन नावाचा मुलगा जन्मला. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो स्वतः मागावर बसला. राहिलेलं शिक्षण काम सांभाळून केलं आणि १८६० साली त्याच अॅबर्डीनच्या विद्यापीठात तर्कशास्त्र आणि इंग्रजीचा प्रोफेसर झाला. तिथे येणाऱ्या पोरांना धड लिहिता येत नाही, हे पाहून १८६६ साली त्याने लेखनकलेचं एक पाठ्यपुस्तक काढलं. त्यात परिच्छेदाचे नियम आहेत. पहिल्या वाक्यात विषय ठळकपणे कळला पाहिजे. पुढचं प्रत्येक वाक्य मागच्याला कसं जोडलंय ते दिसलं पाहिजे. परिच्छेदाला एकच हेतू असावा, आणि त्या हेतूबाहेरचा मजकूर तिथे नको.

परिच्छेद त्याच्या आधीही होते. ग्रीक लोक समासात एक छोटी आडवी रेघ मारायचे, विषय बदलला हे दाखवायला. पण ती रेघ म्हणजे वाचणाऱ्याला श्वास घ्यायची जागा होती. परिच्छेद म्हणजे काय याचा असा नियमच करून तो वर्गात शिकवणं, ही बेनची देणगी. पुढे अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांनी ते उचललं, पहिल्या वाक्याला 'विषयवाक्य' असं नाव दिलं, आणि जगभरच्या शाळांमध्ये ते पोचलं. 'खालील उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा व योग्य शीर्षक द्या' हा आपला बोर्डाचा प्रश्न त्याच घराण्यातला.

मला बेन आवडला. मागावर बसलेल्या माणसाला उभ्या-आडव्या धाग्यांची किंमत कळते, सुटलेला धागा त्याला खुपतो. आणि खरं सांगायचं तर ऑफिसात रोज जे मेल येतात ते वाचल्यावर प्रत्येकाच्या डेस्कवर बेनचं पुस्तक ठेवावं असंच वाटतं. पण एक गोष्ट बघा. बेनचे नियम लिहिणाऱ्यासाठी होते. तुला काय म्हणायचंय ते तुला माहीत आहे, तर बाकीचं काढ. पाठ्यपुस्तकांनी तेच नियम उलटे करून वाचणाऱ्याच्या हातात दिले: दुसऱ्याला काय म्हणायचंय ते तू ओळख आणि बाकीचं खोडून टाक. या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिवाय, पाठ्यपुस्तकात सांगतात तसं खरे लेखक लिहितात तरी का? १९७४ साली रिचर्ड ब्रॅडॉक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने हे मोजून पाहिलं. नावाजलेल्या मासिकांतले २५ लेख घेतले आणि प्रत्येक परिच्छेदात विषयवाक्य कुठे आहे ते शोधलं. सुरुवातीलाच विषयवाक्य असलेले परिच्छेद निघाले फक्त १३ टक्के! म्हणजे आपण शाळेत ज्या खुणा शोधायला शिकतो, त्या खऱ्या लिखाणात बहुतेक वेळा तिथे नसतातच.

दुसऱ्याच्या मजकुरातलं 'जास्तीचं' काढण्याचा हक्क हातात आला की काय होऊ शकतं? याचं इतिहासातलं सगळ्यात भारी उदाहरण १३ जुलै १८७० चं. प्रशियाचा राजा विल्हेल्म एम्स नावाच्या गावी हवापालटाला गेला होता. सकाळी फिरायच्या रस्त्यावर त्याला फ्रान्सचा राजदूत बेनेडेट्टी भेटला. स्पेनच्या गादीवर तुमच्या घराण्यातला माणूस कधीच बसणार नाही, असं कायमचं वचन द्या, ही त्याची मागणी. राजाने वचन द्यायला नकार दिला, पण सभ्यपणे. दुपारी त्या घराण्यातल्या उमेदवाराने माघार घेतल्याचं पक्कं कळलं, तेव्हा राजाने आपल्या माणसाकरवी राजदूताला तसा निरोप पाठवला आणि आता आणखी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही असं कळवलं. या सगळ्याची लांबलचक तार बर्लिनला बिस्मार्ककडे गेली.

बिस्मार्क त्या रात्री सेनापती मोल्टके आणि युद्धमंत्री रून यांच्याबरोबर जेवत होता. त्याने पेन्सिल घेतली आणि तारेचा सारांश केला. पदरचं काही घातलं नाही. फक्त काढत गेला. सभ्यपणा काढला, दिवसभराचा क्रम काढला, माघारीची बातमी आधीच कळली होती हे कारण काढलं. उरलं ते एवढंच: राजदूताने मागणी केली, राजाने भेट नाकारली, बोलायला काही नाही म्हणून सांगून पाठवलं. बेनच्या मापाने बघितलं तर परिच्छेद सुंदर झाला. एकच कल्पना, एकही वाक्य फालतू नाही. दुसऱ्या दिवशी, १४ जुलैला, तो पॅरिसमध्ये पोचला. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं. युद्ध व्हायला आणखीही कारणं होती हे मान्य. दोन्हीकडे खुमखुमी होती. पण ठिणगी टाकायला एक शब्द जास्तीचा लिहावा लागला नाही, खोडरबर पुरलं.

बिस्मार्कने हे जाणूनबुजून केलं. पण मला जास्त भीती वाटते ती आपल्यासारख्यांची, जे काहीच वाईट मनात नसताना करतात. त्यासाठी आपल्या धंद्यातल्या एका आजोबांना भेटू.

हान्स पीटर लून. जन्म १८९६, जर्मनीतला. नाव ऐकलं नसेल तरी तुमच्या खिशात त्याची कामगिरी आहे. डेबिट कार्डाचा नंबर टाइप करताना एक आकडा चुकला तर वेबसाइट लगेच ओरडते ना, ते गणित या माणसाचं. हाही कापडातूनच आलेला, बरं का! सुरुवातीची वर्षं त्याने कापडधंद्यात काढली आणि कापडात इंचाला किती धागे आहेत ते मोजायचं एक साधन शोधून काढलं. पुढे १९४१ साली तो आयबीएममध्ये गेला. एप्रिल १९५८ मध्ये त्याचा एक पेपर छापून आला, विषय: यंत्राकडून लेखांचा सारांश काढून घेणे. युद्धानंतर शास्त्रीय लेखांचा पूर आला होता आणि सारांश लिहिणारी माणसं पुरी पडत नव्हती.

लूनची युक्ती इतकी सोपी आहे की पायथनमध्ये वीस-तीस ओळींत होते. (केली. चालते.) लेखातले सगळे शब्द मोजायचे. 'आणि', 'पण', 'आहे' असले जिकडेतिकडे येणारे शब्द बाजूला काढायचे. उरलेल्यांत जे वारंवार येतात ते महत्त्वाचे. मग प्रत्येक वाक्यात असे महत्त्वाचे शब्द एकमेकांच्या जवळ कुठे आलेत ते बघायचं. तेवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या महत्त्वाच्या शब्दांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि तुकड्यातल्या एकूण शब्दांनी भागायचं. दहा शब्दांच्या तुकड्यात पाच महत्त्वाचे असतील तर पंचवीस भागिले दहा, म्हणजे अडीच गुण. ज्या वाक्यांना जास्त गुण ती सारांशात. आयबीएम ७०४ नावाचं खोलीभर पसरलेलं मशीन हे करायचं.

लूनचं म्हणणं असं, की माणूस सारांश लिहितो तेव्हा त्याची आवड, त्याचं ज्ञान, त्याचा त्या दिवशीचा मूड, सगळं त्यात उतरतं. यंत्राला मूड नाही. मुद्दा बिनतोड आहे. पण या गणिताचा एक गुणधर्म नीट बघा. जी गोष्ट लेखात दहादा आली ती मुख्य. जी एकदाच आली, आणि तीही इतर वाक्यांत नसलेल्या शब्दांत, तिला गुण जवळपास शून्य. म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं काही सांगणारं वाक्य हमखास कटणार. मॉक टेस्टमधलं चौथं वाक्य आठवा. पूल, भार, चाचणी हे शब्द इकडेतिकडे. 'हवा' एकदाच.

आजच्या मेलबॉक्समध्ये सारांशाचं बटण असतं ते लूनच्या पद्धतीने चालत नाही, ते फारच पुढे गेलंय. पण सवय आपल्याला लागलीय ती लूनचीच. जे पुन्हापुन्हा म्हटलं गेलं, मथळ्याशी जे जुळलं, ते खरं. बाकी नंतर बघू.

हा 'नंतर बघू' किती महाग पडतो? १६ जानेवारी २००३. कोलंबिया यान आकाशात झेपावलं. त्यात आपली कल्पना चावलाही होती. कर्नालची मुलगी, चंदीगढच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेली, याच यानातून १९९७ साली एकदा जाऊन आलेली. (मी तेव्हा इतका लहान होतो की बातमी आठवत नाही. आठवतो तो शाळेच्या भिंतीवरचा तिचा फोटो, नारिंगी सूटमधला.) उड्डाणानंतर ८१.७ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. हे कॅमेऱ्यात दिसलं. यान वर फिरत होतं, आणि खाली इंजिनिअरांचा एक गट, या धडकेने नुकसान किती झालं असेल त्याचा अभ्यास करायला बसला. नक्की काय झालंय ते दिसावं म्हणून यानाचे फोटो काढून घ्या, अशी विनंती इंजिनिअरांकडून तीन वेळा वेगवेगळ्या मार्गांनी गेली. फोटो काढले गेले नाहीत.

२४ जानेवारीला त्या गटाने आपला अहवाल पॉवरपॉइंटवर मांडला. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. तिचा मथळा धीर देणारा होता. आशय असा, की चाचण्यांची माहिती तपासता, कवचात खड्डा किती खोल पडेल याचे आपले अंदाज सुरक्षित बाजूलाच आहेत. खाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे, अशा सहा पायऱ्या. आणि सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरात दोन ओळी. प्रत्यक्ष उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या माहितीच्या बरीच बाहेर आहे. चाचणीतला तुकडा ३ घनइंचाचा, आणि हा सुटलेला १९२० घनइंचाचा.

१९२० भागिले ३, म्हणजे ६४०. सहाशे चाळीस पट! म्हणजे मथळ्यात ज्या चाचण्यांचा दाखला दिला, त्या चाचण्या इथे लागूच होत नव्हत्या. ही त्या स्लाइडची खरी मुख्य कल्पना होती. पण ती लिहिली होती सगळ्यात शेवटी, एकदाच, मथळ्याशी न जुळणारी. परीक्षेत हीच स्लाइड देऊन 'विसंगत वाक्य ओळखा' म्हटलं असतं, तर आपण सगळ्यांनी याच ओळीवर बोट ठेवलं असतं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले असते.

१ फेब्रुवारीला परतताना, पंखाच्या कडेला पडलेल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि यान टेक्ससच्या आकाशात तुटलं. सातही जण गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये तपासणीसाठी तसाच फोमचा तुकडा तशाच पंखाच्या कडेवर मारून पाहिला, तर जवळजवळ सोळा इंचांचं भोक पडलं. ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. माहिती मांडण्याचं शास्त्र शिकवणारे येलचे प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची जी चिरफाड केली होती, ती मंडळाने अहवालात घेतली.

एका स्लाइडमुळे यान पडलं, असं मी म्हणणार नाही. ती ओळ वर असती तर सातजण नक्की वाचले असते असंही छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण ती वर असती तर खोलीतल्या कोणीतरी "सहाशे चाळीस पट?" असं विचारलं असतं. आणि त्या प्रश्नानंतर फोटो नाकारणं अवघड झालं असतं.

आता माझा किस्सा. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या टीमला एका क्लायंटसाठी पेमेंटचं नवं बॅच लाइव्ह करायचं होतं. त्यांच्या मालाची ने-आण करणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे पैसे त्यातून जाणार होते. आमच्या टेस्टरने तपासणी पूर्ण करून एक लांब मेल पाठवला, वीस-बावीस ओळींचा. मॅनेजरला माझ्याकडून पाच मुद्दे हवे होते. मी मेलमधून पाच मुद्दे काढले. सगळे हिरवे. उरलेल्यांत शेवटी एक वाक्य होतं: टेस्टिंग पाच हजार रेकॉर्डवर केलंय, प्रॉडक्शनमध्ये अकरा लाख असतील. ते मी वाचलं. मला स्पष्ट आठवतंय, वाचलं आणि वाटलं, हे काय, माहितीपुरतं आहे. सहावा मुद्दा नको म्हणून काढून टाकलं.

शुक्रवारी रात्री बॅच सुरू झालं आणि पहाटे तीनला अडकलं. मंगळवारपर्यंत पैसे गेले नाहीत. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांना दोन दिवस म्हणजे काही नाही. पण त्या यादीत एक-एक, दोन-दोन गाड्या असलेले मालकही होते. सोमवारी डिझेलला पैसे नाहीत म्हणून ते क्लायंटला फोन करत होते, आणि क्लायंट आम्हाला. नंतरच्या रिव्ह्यू कॉलवर विचारलं गेलं, टेस्टिंगमध्ये हे कळलं नव्हतं का? मी चार-पाच सेकंद गप्प राहिलो. चार-पाच सेकंद फार मोठे असतात हो. शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, "मी लिहिलं होतं." मग मी सांगितलं की ते वाक्य मी काढलं. कॉल संपल्यावर तिला सॉरी म्हणायला गेलो, तर म्हणते कशी, "जाऊ दे रे, चूक माझीच, शेवटी लिहायला नको होतं."

हेच मला अजून खुपतं. तिने लिहिलं होतं. परिच्छेद नीट बांधला नाही म्हणून दोष तिने स्वतःकडे घेतला, आणि ज्याने खोडलं तो सुटला.

त्यानंतर दिवाळीची राहिलेली आवराआवर करायला साताऱ्याला घरी गेलो होतो. आजोबांची ट्रंक काढली, त्यात अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. मी ती रद्दीत टाकायला निघालो होतो, बाबांनी थांबवलं. त्यात आत्याचं एक पत्र होतं, १९८६ चं, लग्न होऊन नागपूरला गेल्यानंतरचं. ती. दादांना सा. न. वि. वि., इकडे सर्व कुशल, सासूबाईंची तब्येत बरी, ऊन फार आहे, संत्र्यांची करंडी पाठवते. सगळं छान. आणि घडीच्या पट्टीवर, जिथे गोंद लावतात तिथे, ता. क.: आईला म्हणावं माझं शिवणयंत्र पाठवू नका, इथे लागणार नाही.

बाबा म्हणाले, "दादांनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि त्याच रात्री नागपूरची गाडी धरली." कारण आत्या शिवणयंत्राशिवाय राहील हे शक्यच नव्हतं. ते तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. आजोबा तिला घेऊन आले, ती दोन महिने साताऱ्याला राहिली, मग काकांच्या घरी बोलणी झाली, आणि ती परत गेली ते शिवणयंत्र घेऊनच. पुढचं सगळं नीट झालं. आज कोणी मला त्या पत्राचा सारांश मागितला असता तर मी लिहिलं असतं: कुशल, ऊन, संत्री.

इतिहासाचार्य राजवाड्यांबद्दल आपण ऐकून असतो, की ते गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करायचे. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला, आणि असे बावीस खंड निघाले. रचून सांगितलेल्या बखरीपेक्षा त्या त्या वेळचा अस्सल कागद त्यांना मोलाचा वाटायचा, मग तो कितीही रूक्ष का असेना. पूर्वी मला वाटायचं, एवढं सगळं छापायचं कशाला, महत्त्वाचं तेवढं निवडायचं ना. आता वाटतं, महत्त्वाचं काय हे कोणता प्रश्न विचारला त्यावर ठरतं, आणि पुढच्या माणसाचा प्रश्न आपल्याला आज माहीत नसतो. आजोबांचा प्रश्न होता 'माझी मुलगी सुखात आहे का'. तो मनात धरून वाचलं, म्हणून त्यांना शिवणयंत्र दिसलं. रूममेटचा प्रश्न होता 'पूल पडेल का'. माझा प्रश्न होता 'पाच मुद्दे झाले का'.

म्हणून सारांश काढूच नये असं नाही. बावीस ओळी वाचायला मॅनेजरला खरंच वेळ नसतो, आणि बेनचं म्हणणंही खोटं नाही. मी फक्त दोन गोष्टी बदलल्या. एक, दुसऱ्याचं लिखाण छोटं करायला बसलो की मथळ्याशी न जुळणारं वाक्य आधी बाजूला लिहून ठेवतो आणि ज्याने लिहिलंय त्याला विचारतो, "हे का लिहिलंस?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "सहजच." पण दोनदा तसं आलं नाही. दुसरं, माझ्या प्रत्येक सारांशाच्या शेवटी आता एक ओळ असते: यातून काय काय गाळलंय ते. सुरुवातीला मॅनेजर वैतागला. आता तो आधी तीच ओळ वाचतो.

कॅटचं म्हणाल तर फॉर्म भरलाय. परीक्षेत चौथं वाक्यच टाइप करणार, मार्क कोणाला नकोयत :) असो. चहा झालाय, रूममेट हाका मारतोय. पुढच्या शनिवारी भेटूच.